वंशावळ आपली आपणच लिहावी

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपणांपैकीं किती जणांस आपल्या पणज्याचें नांव सांगतां येईल? बहुतेकांस येईल. पणज्याच्या बापाचें? येथें निम्मे लोक थांबतील. आणि पणजीचें नांव काय, तिचें माहेर कोणतें, असें विचारलें तर सारी सभा एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागेल. हा दोष आपल्या डोक्याचा नव्हे. आपल्या घरांत लिहिण्याची वहिवाटच नव्हती. नांगर धरणाऱ्या, भाता ओढणाऱ्या, चाक फिरविणाऱ्या हातांत लेखणी फार उशिरां आली. त्यामुळें आपली अशी समजूत करून देण्यांत आली कीं, इतिहास असतो तो सरदार-दरकदारांच्या घरीं. कुणब्या-कारागिराच्या घरीं नुसत्या ऐकीव गोष्टी. ही समजूत खोटी आहे, हें आज आम्हांस सांगावयाचें आहे. आपल्या वाडवडिलांचीं नांवें लिहिलेलीं आहेत. तीं सनदांत नसतील. पण साऱ्याच्या, कर्जाच्या, मरणाच्या आणि शाळेच्या वह्यांत आहेत. लिहिणारा परका होता, पण ज्याच्याविषयीं लिहिलें तो आपला होता. तो कागद शोधावा, वाचावा, आणि आपल्या हातानें पुन्हा नीट लिहून काढावा.

हा पोट भरलेल्यांच्या हौसेचा विषय आहे, असें कोणी म्हणेल. तसें नाहीं. आज मुलास कॉलेजांत किंवा नोकरींत मागासवर्गाच्या सवलतीवर जावयाचें तर जातीचा दाखला व त्याची पडताळणी लागते. २००१ सालच्या महाराष्ट्राच्या कायद्यानें आपली जात सिद्ध करण्याचा भार अर्जदारावरच टाकलेला आहे. पुरावा पाहतात तो ठराविक तारखेच्या आधींचा: अनुसूचित जातींस १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींस ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींस २१ नोव्हेंबर १९६१, आणि इतर मागासवर्गांस १३ ऑक्टोबर १९६७. आज अर्ज करणाऱ्या मुलाचा तेव्हां जन्मही झाला नव्हता. म्हणजे त्याच्या आज्या-पणज्याचा कागद हवा. आणि तो आजा याचाच, हें दाखवावयास मधली वंशावळ हवी. पुष्कळ ठिकाणीं आज्याचा कागद सांपडतो, पण मधला एक दुवा जुळत नाहीं, आणि मुलाचें वर्ष फुकट जातें. जमिनीचेंही तसेंच. तीन पिढ्या वारसाची नोंद न झालेलें शेत विकतांही येत नाहीं व वांटतांही येत नाहीं. भाऊबंदकी मात्र जोरांत पिकते.

विलायतेंतील साधा शेतकरी किंवा लोहार आपल्या घराण्याचा शोध कसा करतो, तें आधीं पाहूं. म्हणजे आपली वाट निराळी कां, हें कळेल. तेथें दोन मोठीं साधनें आहेत: एक मृत्युपत्र, दुसरें खानेसुमारी. इंग्लंडांत १८५८ सालापर्यंत मृत्युपत्र मंजूर करण्याचें काम चर्चच्या न्यायालयांकडे होतें. त्यांपैकीं सर्वांत मोठें कँटरबरीच्या आर्चबिशपचें. त्याच्याकडील १३८४ पासून १८५८ पर्यंतचीं मृत्युपत्रें आज लंडनच्या राष्ट्रीय दप्तरखान्यांत कोणासही पाहतां येतात. मृत्युपत्र जमीनदारच करीत असें नाहीं. बऱ्या स्थितींतले शेतकरी आणि कारागीरही करीत. लोहार थोरल्या मुलास ऐरण-हातोडा ठेवी, मुलीस भांडीं, बायकोस राहतें घर. आणि त्या ओघांत साऱ्या घराचीं नांवें कागदावर येत. खानेसुमारी तेथें १८०१ पासून दर दहा वर्षांनीं होत आली. १८४१ पासून घरोघरच्या माणसांचीं नांवें जपून ठेविलीं आहेत, आणि १८५१ पासून घरांतील नातें व जन्मगांवही लिहिलेलें आहे. शंभर वर्षें भरलीं कीं तीं पत्रकें लोकांस खुलीं होतात. १९२१ चीं २०२२ सालीं खुलीं झालीं. १९३१ चीं पत्रकें १९४२ सालीं आगींत जळालीं, आणि १९४१ सालीं लढाईमुळें गणती झालीच नाहीं. म्हणजे कागद तेथेंही जळतो. पण उरलेला कागद रयतेस उघडा आहे.

आपल्याकडे हीं दोन्ही दारें जवळजवळ बंद आहेत. मुंबई इलाख्यांत १८७२ सालीं खानेसुमारी झाली, आणि साऱ्या हिंदुस्थानांत एकाच वेळीं १८८१ सालीं. १९३१ पर्यंत जातवार आंकडेही छापून निघत. पण छापले ते आंकडे. घरोघरचीं पत्रकें बेरजा झाल्यावर जपलीं गेलीं नाहींत. आंकड्यांवरून अमुक मुलखांत अमुक जात किती, हें कळेल. त्यांत तुमचा आजा कोणता, हें कळणार नाहीं. पुढें १९४८ च्या खानेसुमारीच्या कायद्यानें तर घरोघरचीं पत्रकें पाहण्याची सोय ठेविली नाहीं, व तीं कोर्टांत पुरावा म्हणूनही चालत नाहींत. तेव्हां कोणी दलाल तुमच्या आज्याच्या नांवाचा १८८१ च्या खानेसुमारीचा उतारा काढून देतों म्हणूं लागला, तर त्यास हात जोडून वाटेस लावावें. एक अपवाद मात्र ध्यानांत ठेवावा. १९५१ च्या खानेसुमारीच्या वेळीं नागरिकांचें राष्ट्रीय रजिस्टर म्हणून गांववार वह्या तयार केल्या होत्या. त्यांत घरोघरचीं माणसें नांवनिशीवार उतरविलेलीं आहेत. सर्व गांवांच्या वह्या टिकल्या नाहींत. पण जेथें टिकल्या, तेथें त्या पाहिल्यावांचून राहूं नये.

मृत्युपत्राचें म्हणाल, तर जुन्या हिंदु कायद्यांत तशी चालच नव्हती. एकत्र कुटुंबाच्या जमिनींतील आपला हिस्सा मृत्युपत्रानें देण्याची मोकळीक १९५६ च्या वारसा कायद्यानें मिळाली. त्यापूर्वीं बाप गेला कीं जमीन मुलांकडे आपोआप चालत येई; लिहिण्याचें कारण पडत नसे. म्हणून जुन्या शेतकऱ्याचें मृत्युपत्र क्वचितच हातीं लागतें, आणि लागलें तर तें बहुधा निपुत्रिकाचें किंवा स्वकष्टानें घरदुकान कमावलेल्याचें असतें. तें नोंदविलेलें असल्यास दुय्यम निबंधकाच्या कचेरींत मृत्युपत्रांच्या निराळ्या बुकांत सांपडतें.

मग आपणांस मृत्युपत्राचें काम कोणता कागद देतो? आमच्या मतें फेरफाराची नोंद देते. मुंबई इलाख्यांत १९०३ च्या कायद्यानें हक्कनोंदणीस आरंभ झाला. तेव्हांपासून खातेदार मेला कीं त्याचे वारस कोण, हें चावडींत लिहिणें भाग पडलें. समजा, आज सातबाऱ्यावर नामदेव दगडू असें नांव आहे. नांवाशेजारीं फेरफाराचा आंकडा असतो. तो आंकडा घेऊन त्या फेरफाराची नक्कल काढावी. तींत लिहिलेलें निघेल कीं, दगडू बिन राणू अमुक तारखेस मयत, वारस मुलगे नामदेव व सखाराम, विधवा काशी, मुलगी ठकू लग्न होऊन सासरीं नांदते. झाल्या तीन पिढ्या एका पानावर. आतां दगडूच्या नांवावर शेत कोणत्या फेरफारानें आलें, तें पाहावें; तेथें राणू बिन येसू निघेल. त्याच्या मागें कडईपत्रक, त्याच्या मागें मोजणीच्या वेळचें शेतवार पत्रक व सूडपत्रक. विहिरीच्या पायऱ्या उतराव्या तसें एकेक आंकडा धरून मागें जावें. पायरी गाळून उडी मारूं नये.

या मोजणीविषयीं दोन शब्द. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनीं पहिल्यानें जो सारा बांधला तो फसला, आणि १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनीं इंदापूर तालुक्यापासून नवी पद्धत सुरू केली. शेतास नंबर, नंबराचा आकार व खातेदाराचें नांव, असा हा हिशेब होता. सारा तीस वर्षांसाठीं ठरे व मुदत भरली कीं फेरतपासणी होई. सरकारनें हें आपल्या वसुलासाठीं केलें, पण तीस वर्षें म्हणजे एक पिढी. बाप पहिल्या मोजणींत असेल तर मुलगा दुसऱ्या मोजणींत असतो. साऱ्याखालीं पिचलेल्या कुणब्याचें नांव त्या साऱ्यानेंच राखून ठेविलें. मराठवाड्यांत निजामाचा अंमल होता. तेथील जुने कागद पुष्कळसे उर्दूंत आहेत, आणि १९५४ च्या सुमाराचें खासरा पाहणीपत्रक तेथें मोठ्या उपयोगाचें आहे. २०२३ सालीं सरकारनें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हां कुणबी नोंदी शोधण्यासाठीं हींच दप्तरें गांवोगांव उलगडलीं गेलीं. त्या वादांत आम्ही आज पडत नाहीं. पण दप्तरांत रयतेचीं नांवें आहेत, तीं वाचणारा मात्र हवा, एवढें त्यावरून सर्वांस दिसून आलें.

आतां ज्यास हातभर जमीन नाहीं, त्या न्हाव्यानें, कुंभारानें, वडारानें काय करावें? त्यानें पहिल्यानें जन्ममृत्यूची वही पाहावी. गांव नमुना चौदा असें तिचें नांव. लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. जमीन नसली तरी जन्मणें व मरणें कोणास चुकलें आहे? या वहींत तारीख, नांव, बापाचें नांव, जात, वय व मरणाचें कारण असे रकाने असत. गांवोगांव थोडा फरक आढळतो. कारण म्हणून ताप, देवी, पटकी, प्लेग असे एकेक शब्द आहेत. १९१८ च्या मानमोडीच्या सालाचीं पानें पाहिलीं तर एका घरचीं तीन-तीन नांवें एका आठवड्यांत दिसतात. जात पुष्कळदां आखूड लिहिलेली असते. तिचा अर्थ त्याच वहींतील इतर नोंदी पाहून लावावा, मनानें लावूं नये.

दुसरी वही शाळेची. आपल्याकडील शाळांचीं जुनीं दाखलरजिस्टरें किती मोलाचीं आहेत, याचा दाखला साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक आहे. साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलांत ७ नोव्हेंबर १९०० रोजीं दाखल झालेल्या मुलाचें नांव रजिस्टरांत १९१४ या क्रमांकावर भिवा रामजी आंबेडकर असें आहे. तेच पुढें डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर. तें पान शाळेनें जपलें म्हणून आज दिसतें. आपल्या गांवच्या शाळेंतही आपल्या आज्याचें तसेंच एक पान असूं शकेल. मात्र शाळेच्या वहींतील जन्मतारखेवर फार भार टाकूं नये. पुष्कळ मुलांचा जन्म १ जूनचा लिहिलेला दिसतो. तो गुरुजींनीं सोयीसाठीं लिहिलेला असतो, आईनें सांगितलेला नसतो. नांव, बापाचें नांव, गांव आणि जात यांसाठीं ती वही पाहावी.

तिसरा कागद कर्जाचा. १८७५ सालच्या मे महिन्यांत सुपें येथून पुणें व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांचा जो दंगा पसरला, त्यांत सावकारांचीं कर्जखतें जाळलीं गेलीं. त्यानंतर १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला, आणि शेतकऱ्याचें खत गांवनिबंधकापुढें लिहून नोंदविण्याची सक्ती झाली. तेव्हांपासून खरेदीखत, गहाणखत, भाडेचिठ्ठी यांत आपल्या माणसाचें नांव, बापाचें नांव, जात, धंदा, वय व राहणार कोठला, हें नेमानें येऊं लागलें. खालीं अंगठा असतो. निबंधकाच्या कचेरींत माणसांच्या नांवांची एक व मिळकतींची एक अशा अनुक्रमणिका असतात. त्यांवरून खत काढतां येतें.

चौथा कागद वतनाचा. पाटील, कुळकर्णी यांप्रमाणें महार, रामोशी यांचींही गांवकीचीं वतनें होतीं. १८७४ च्या वतन कायद्याप्रमाणें त्यांचीं रजिस्टरें होत, आणि तंटा लागला कीं वंशावळ दाखल होई. कुळकर्णी वतन मुंबई राज्यांत १९५१ सालीं गेलें. कोल्हापुरांत शाहू छत्रपतींनीं तें १९१८ सालींच काढून पगारी तलाठी नेमले होते. वतनें गेलीं, पण त्यांचे कागद तालुक्याच्या व जिल्ह्याच्या दप्तरांत असतात. पेशवाईच्या काळाचे व इनामांचे कागद पुण्याच्या पेशवे दप्तरांत आहेत. आणि ज्या जमातींवर १८७१ च्या कायद्यापासून जन्मतःच गुन्हेगार म्हणून शिक्का मारला गेला, त्यांच्या हजेरीच्या वह्या पोलिसांत होत्या. तो जुलमी कायदा १९५२ सालीं गेला. त्या वहींतील नांव पाहून कोणी मान खालीं घालूं नये. लाज लिहिणाऱ्या सरकारची आहे. आज त्याच नोंदीवर पोराची जात सिद्ध होत असेल, तर ती खुशाल पुढें करावी.

जे गांव सोडून समुद्रापार गेले, त्यांचाही माग लागतो. १८३४ पासून मजुरीच्या करारावर मॉरिशस बेटांत लोक गेले. त्यांत मुंबईहून गेलेले आपले मराठी लोकही होते, आणि कोंकणांतले पुष्कळ होते. त्या मजुरांचीं रजिस्टरें तेथील मोका गांवच्या महात्मा गांधी संस्थेंत ठेविलेलीं आहेत. त्यांच्या नातवंडांनीं तीं पाहून आपलें मूळ गांव हुडकलें. सातासमुद्रापलीकडचा मनुष्य इतकें करतो. आपणांस तर तालुक्यास जावयाचें आहे.

कागद हातीं आला म्हणजे तो वाचावा कसा, याच्या चार खुणा सांगतों. नांवांमध्यें बिन किंवा वलद असेल तर अर्थ मुलगा: राणू बिन येसू म्हणजे येसूचा मुलगा राणू. बाईच्या नांवापुढें कोम किंवा भ्रतार असेल तर पुढचें नांव नवऱ्याचें. मयत म्हणजे वारलेला. अ. पा. क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता. ज्याच्यापुढें हीं अक्षरें आहेत तें मूल लहान होतें, व पुढचें नांव सांभाळणाराचें आहे. त्यास बाप समजूं नये. ए. कु. हीं अक्षरें असलीं तर तो एकत्र कुटुंबाचा पुढारी. शेत त्याच्या एकट्याचें नव्हे, धाकट्या भावांचेंही आहे. या दोन खुणा न कळल्यामुळें चुलत्यास बाप आणि सामाईक शेतास एकट्याचें मानून कोर्टापर्यंत गेलेलीं घरें थोडीं नाहींत.

सालाचाही घोळ होतो. शकाच्या आंकड्यांत ७८ मिळविले कीं इसवी सन येतो. वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत ७९. फसलींत ५९० मिळवावे: फसली १३०० म्हणजे १८९०-९१ साल. १९५० च्या आधींचे पुष्कळ कागद मोडींत आहेत. मोडी म्हणजे कांहीं मंत्र नव्हे. आपल्याच भाषेची जलद लिहिण्याची तऱ्हा आहे. सरकारचें पुराभिलेख खातें तिचे वर्ग चालवितें. प्रत्येक गांवांतील एका तरी मुलानें किंवा मुलीनें ती शिकावी. वाचणारा आपल्या घरचा नसेल तर कागदांत काय आहे, हें दुसऱ्यानें सांगेल तेवढेंच आपणांस कळणार. ही पराधीनता आपल्या बापजाद्यांनीं पुष्कळ भोगली.

नांवांविषयीं सर्वांत मोठी अडचण अशी कीं, आडनांवें जुनीं नसतात. महात्मा जोतीराव फुले यांचें घराणें साताऱ्याकडील कटगुणचें, आणि मूळ आडनांव गोऱ्हे; फुलांच्या धंद्यावरून तें फुले झालें. बाबासाहेबांच्या घराण्याचें आडनांव सकपाळ. आंबडवे गांवावरून पुढें निराळें नांव पडलें. मग आपल्या घरीं दोन पिढ्यांपूर्वीं दुसरें आडनांव असलें, किंवा आडनांवाच्या जागीं सुतार, लोहार, तेली एवढेंच असलें, तर नवल काय? म्हणून शोध आडनांवानें करूं नये. गांव, स्वतःचें नांव आणि बापाचें नांव हीं तीन एकत्र धरावीं. आणखी एक. लिहिणारानें स्वतःस व आपल्या जातभाईंस राव-पंत लावले, आणि आपल्या माणसास धोंड्या, म्हाद्या, येश्या लिहिलें. तेव्हां धोंडिबा, धोंडी आणि धोंड्या हा एकच मनुष्य असूं शकतो. मनांत राग येईल, तो योग्यच आहे. पण रागानें ती नोंद सोडूं नये. आपण नवी वंशावळ लिहितांना धोंडिबा लिहावें, आणि कंसांत दप्तरांतील नांव जसेंच्या तसें द्यावें.

आतां तुमच्या मनास बोचेल असें बोलतों. लिहिणारानें आपणांस वगळलें, अशी आपली तक्रार आहे. आपण स्वतः कोणास वगळतों? घरोघरच्या वंशावळी पाहा. त्यांत बापाखालीं मुलगे, मुलग्यांखालीं मुलगे. बायका नाहींत, मुली नाहींत. जिनें बारा बाळंतपणें काढलीं, खुरपें घेऊन शेत राखलें, नवरा प्लेगांत गेल्यावर पोरें जगविलीं, तिचें नांव वंशावळींत नाहीं. वंश काय एकट्या बाप्यानें वाढविला? विलायतेंतही १८८२ च्या कायद्यापूर्वीं लग्नाच्या बाईस नवऱ्याच्या संमतीवांचून मृत्युपत्र करतां येत नसे. तेव्हां हा अन्याय आपल्याकडेच होता असें नाहीं. पण आतां कायदा बदलला आहे. २००५ सालीं वारसा कायद्यांत दुरुस्ती होऊन मुलगी जन्मापासूनच मुलाप्रमाणें वडिलोपार्जित मिळकतीची हिस्सेदार झाली, आणि ९ सप्टेंबर २००५ रोजीं बाप हयात असो वा नसो, तिचा हक्क जात नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं सांगितलें. तरी गांवांत काय चालतें? वारसाच्या अर्जांत बहिणींचीं नांवें गाळतात. किंवा भाऊबीजेस बोलावून हक्कसोडपत्रावर सही घेतात. ज्यानें गाळलेल्या बापाचें नांव दप्तरांत शोधलें, त्यानेंच बहिणीचें नांव गाळावें, यापरता दुटप्पीपणा कोणता? बहिणीनें राजीखुशीनें हक्क सोडला तर तो तिचा विचार. पण वंशावळींतून तिला काढण्याचा अधिकार कोणास नाहीं.

दुसरा दोष मोठेपणाच्या हौसेचा. वंशावळ शोधतां शोधतां कांहीं मंडळी थेट राजघराण्यास, नाहीं तर चंद्रसूर्यास जाऊन भिडतात. पैसे घेऊन अशा वंशावळी लिहून देणारे पूर्वींही होते, आजही आहेत. आपला पणजा चांगला कुंभार होता, त्याच्या हातच्या रांजणांचें पाणी चार गांवें प्यालीं, हें काय कमी आहे? कुणबी असल्याची लाज वाटून कागद दडवावयाचा आणि सवलत हवी झाली कीं तोच शोधावयाचा, हीही बरी गोष्ट नव्हे. जें निघेल तें खरें मानावें. आणि जुन्या कागदांत नवी शाई घालणारे जे दलाल कचेरीबाहेर बसतात, त्यांच्या नादास लागूं नये. खोट्या दाखल्याबद्दल शिक्षा आहे, मिळालेलें सर्व परत जातें, आणि त्याच घराण्यांतील खऱ्या मुलाच्या अर्जाकडेही संशयानें पाहिलें जातें.

तर मग करावयाचें काय, तें सांगून भाषण पुरें करतों. पहिल्यानें घरांतील सर्वांत वडील माणसापाशीं बसावें. त्यांतही म्हातारीपाशीं आधीं बसावें, कारण माहेर-सासरचीं नातीं, कोण कोणत्या साथींत गेलें, कोण कोणास दत्तक गेला, हें तिला पाठ असतें. शंभर पानी वही घेऊन तिच्या तोंडचें जसें येईल तसें लिहावें. कागद पुढें पन्नास वर्षें टिकेल. म्हातारी थांबणार नाहीं. दक्षिण महाराष्ट्रांत हेळवी येतात, त्यांच्याकडून पिढ्या म्हणवून घ्याव्या. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर येथील तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यांत आपले कोणी यात्रेस गेले असतील तर गांवावरून नांव निघतें; दक्षिणा देणें न देणें तुमच्या श्रद्धेवर, पण नांव उतरून आणावें. हें सर्व तोंडी ज्ञान म्हणजे कागद शोधण्याची दिशा. तें कागदाशीं ताडून पाहावें.

दुसरें, चावडी, तहसील, भूमि अभिलेख, दुय्यम निबंधक आणि शाळा, या पांच ठिकाणीं नकलेसाठीं लेखी अर्ज करावा व पोंच घ्यावी. तोंडी मागणें म्हणजे रिकाम्या हातीं परत येणें. कागद मिळत नाहीं असें म्हणाले तर तसें लिहून मागावें. २००५ च्या माहितीच्या अधिकाराचा कायदा त्यासाठींच आहे. पुष्कळ जिल्ह्यांतील जुने सातबारे व फेरफार सरकारनें संगणकावर चढविले आहेत. घरांतील शिकलेल्या पोरानें मोबाइलवर तेही पाहावे. तिसरें, प्रत्येक नांवाखालीं तें कोठें सांपडलें, हें लिहावें: कोणती वही, कोणतें साल, कोणतें पान. पुरावा नसलेल्या नांवापुढें ऐकीव असें स्पष्ट लिहावें. चौथें, भावकींत ही वही एकाच्या पेटींत कुलूपबंद राहूं नये. तिच्या प्रती सर्व घरीं, सासरीं गेलेल्या मुलींच्या घरींसुद्धां, असाव्या. ज्ञान एका पेटींत राहिलें कीं तेथें नवा कुळकर्णी तयार होतो, मग तो आपला सख्खा चुलता कां असेना.

आपल्या आज्यानें अंगठा उठविला, कारण त्याच्या हातीं दुसरें कांहीं दिलें नव्हतें. त्या अंगठ्याशेजारीं त्याचें नांव काय लिहिलें, हें त्यास मरेपर्यंत वाचतां आलें नाहीं. तुम्हांस येतें. या पंधरवड्यांत एक सातबारा, एक फेरफार आणि घरच्या म्हातारीच्या तोंडच्या चार पिढ्या एवढें प्रत्येकानें वहींत उतरवावें, आणि पुढच्या सभेस ती वही बरोबर आणावी. ज्यांस वाचतां येणार नाहीं, त्यांचे कागद ज्यांस येतें त्यांनीं वाचून द्यावे. त्याबद्दल पैसा घेऊं नये. इतकेंच आमचें मागणें आहे.